बाबांना सांगू नकोस

कॉलेजातून फोन गेला की आई-वडील येतात, समोरच्या खुर्चीत बसतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "मॅडम, आमचा मुलगा तसा नाही हो. संगत वाईट लागली त्याला." दप्तरात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडलेलं असो, पार्किंगच्या मागे गांजा ओढताना वॉचमननं पकडलेलं असो, की सकाळच्या पहिल्याच तासाला पोरगं बाकावर मान टाकून पडलेलं असो. मी पुण्याच्या एका उपनगरात अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला शिकवते. वर्गशिक्षिकाही आहे, त्यामुळे या भेटी माझ्या वाट्याला येतात. आई-वडील खोटं बोलत नसतात, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं. पण ज्या मुलाला ते वाईट संगत म्हणतात, त्याचे आई-वडीलही दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून तेच म्हणतात. त्यांच्या लेखी वाईट संगत म्हणजे कालचा मुलगा. दोन्ही घरं सरळ, दोन्ही घाबरलेली. आणि विचारायला गेलं तर दोन्ही घरांत कित्येक महिन्यांत मुलाशी अभ्यास, मोबाइल आणि जेवण यांपलीकडे काही बोलणं झालेलं नसतं.

आधी संगतीचं बोलू. सोळा वर्षांच्या मुलावर मित्रांचा परिणाम होतो यात शंकाच नाही. तो कसा होतो, याचं आपल्या मनातलं चित्र मात्र सिनेमातलं आहे. कोणीतरी दुष्ट मुलगा पुडी पुढे करतो, आग्रह करतो आणि आपलं भोळं पोर फसतं. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, शाळा-कॉलेजांत पोस्टर स्पर्धा होतात. त्यांतही हेच : कवटी, सिरिंज, काळ्या कोटातला माणूस आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नाही म्हणायला शिका'. मुलं छान रंगवतात. त्यांच्या आयुष्यात मात्र हा काळ्या कोटातला माणूस कधी येतच नाही. येतो तो बालवाडीपासूनचा मित्र. टर्फवर मॅच झाल्यावर, वाढदिवसाचा केक एकमेकांच्या तोंडाला फासून झाल्यावर, सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. हायलायटर पेनसारखं दिसणारं, आंब्याच्या वासाचं वेप हातोहात फिरत असतं. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर कायद्यानं बंदी आहे, तरी फिरत असतं. 'घे' असं कोणी म्हणत नाही. ते फिरत फिरत आपल्यापाशी येतं. न ओढता पुढे सरकवलं तर सगळे क्षणभर आपल्याकडे बघतील, एवढीच धास्ती असते. मोठ्यांना ती किरकोळ वाटते. सोळाव्या वर्षी ती किरकोळ नसते.

मानसशास्त्रज्ञांनी हे तपासूनही पाहिलं आहे. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झालेला. गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण लाल दिवा कोणत्याही क्षणी लागू शकतो. तेरा ते सोळा वर्षांची मुलं, अठरा ते बावीसचे तरुण आणि चोविशीच्या पुढची मोठी माणसं, असे तीन गट. काहींनी तो एकट्यानं खेळला, काहींनी दोन मित्र शेजारी असताना. मित्र असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, मोठ्या माणसांना मित्र असल्या-नसल्यानं विशेष फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये अशाच खेळाच्या वेळी मेंदूचं चित्रण केलं गेलं. त्यात मित्र शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर नुसते बघत होते. तेवढ्यानंही किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला दाद देणारा भाग अधिक जागा झाला. मित्रांनी तोंड उघडायचीही गरज पडली नाही. म्हणून 'नाही म्हणायला शिका' हा उपदेश मला अपुरा वाटतो. विचारलंच नाही कुणी, तर नाही कुणाला म्हणायचं?

त्यात आणखी एक गैरसमज मिसळतो. कधी कधी मी वर्गात चिठ्ठ्या वाटते, नावं न लिहिण्याच्या. एका बाजूला लिहायचं : आपल्या वर्गातल्या किती जणांनी काहीतरी ओढून पाहिलं असेल असं वाटतं? दुसऱ्या बाजूला : तू पाहिलं आहेस का? पहिल्या बाजूचा अंदाज खऱ्या उत्तरांच्या कितीतरी पुढे असतो. हे माझ्याच वर्गात घडतं असं नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्येच दारूबाबत हे दाखवून दिलं होतं : मित्र खरोखर पितात त्याहून ते जास्त पितात, असं विद्यार्थ्यांना वाटत असतं, आणि मग प्रत्येक जण त्या काल्पनिक आकड्याशी बरोबरी करायला जातो. चिठ्ठ्यांचा निकाल फळ्यावर लिहिला की वर्ग एकदम शांत होतो. कवटीच्या पोस्टरनं एवढं होत नाही.

संगत बाहेरचीच असते असंही नाही. आपल्याकडे किती मुलांची पहिली बीअर चुलतभावाच्या लग्नात, वरातीच्या आधी, कार्यालयाच्या मागच्या बाजूला होते! देणारा घरातलाच दादा, सगळ्यांचा लाडका, नोकरी लागलेला. त्याला आपण संगत म्हणत नाही. आणि तंबाखू तर कितीतरी घरांत मुलांच्याच हातून येते. "जा रे, टपरीवरून एक पुडी आण, चुना वेगळा दे म्हण." अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे, २००३ पासून. टपरीवाला देतो, कारण ती अमक्याच्या बाबांसाठी आहे हे त्याला ठाऊक असतं.

जिथे घरच नाही, तिथे संगत घराचीच जागा घेते. स्टेशनच्या फलाटावर पंक्चरच्या सोल्युशनचा रुमाल नाकाशी धरून बसलेली पोरं आपण बघतो आणि पुढे जातो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट ठळकपणे समोर आली : हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा, ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सुमारे ४.६ लाख. ती पोरं वडापाव वाटून खातात, रात्री एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात आणि रुमालही वाटून हुंगतात. त्यांना 'संगत सोड' सांगणारा त्याबदल्यात त्यांना काय देणार असतो?

आता घरांचं. जिथे घर आहे, आई-वडील आहेत, फ्रिजवर क्लासचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे, तिथलं.

आपल्याकडे पोर तीन वर्षांचं असल्यापासून एक वाक्य ऐकतं : "बाबांना येऊ दे, मग बघ." दूध सांडलं, भिंतीवर रेघोट्या मारल्या, जेवायला नको म्हटलं, की आई हे हत्यार काढते. बिचाऱ्या बाबांना याचा पत्ताही नसतो. ते दमून घरी येतात, चपला काढतात, आणि पोर आतल्या खोलीत पळतं. बाबांनी कधी बोटही लावलेलं नसतं. मग तेच पोर दहा वर्षांचं होतं आणि वाक्याची दुसरी बाजू सुरू होते : "जाऊ दे, बाबांना सांगू नकोस." गणितात कमी मार्क पडले, मोबाइलची काच फुटली, सहलीचे पैसे हरवले, आई निस्तरते. बाबांपर्यंत बातमी पोचते ती गाळून, मऊ करून, चांगला मुहूर्त बघून, बहुधा रविवारी मटण झाल्यावर. आईच्या हाती एक सत्ता येते आणि एक ओझंही येतं. बाबांना वाटतं, घर सुरळीत चाललंय. मुलाला पक्कं कळतं, की या घरात मोठी बातमी थेट सांगायची नसते.

सोळाव्या वर्षी याचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सांगते.

अकरावीतला एक मुलगा तास संपल्यावर रेंगाळला. न सांगता फळा पुसला, हजेरीपुस्तक उचलून दिलं, दारापर्यंत गेला आणि परत आला. "मॅडम, एक सांगू? पण माझं नाव नाही ना येणार?" गोष्ट त्याच्या मित्राची होती. दोघं एकाच सोसायटीतले, लहानपणी एकाच रिक्षातून शाळेत जाणारे. मित्र आधी गांजा ओढायचा. आता एमडी घ्यायला लागला होता. दोन-दोन रात्री झोपत नाही, जेवत नाही, सारखा जबडा आवळतो, कुणी हाक मारली तरी अंगावर येतो आणि मग दीड दिवस नुसता झोपून राहतो. सायकल विकली, घरी सांगितलं चोरीला गेली. बोलताना मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. डस्टर या हातातून त्या हातात घेत होता, बोटं खडूनं पांढरी झाली होती.

"त्याच्या घरी कुणाला माहीत आहे?"

"काकूंना. मीच सांगितलं होतं."

"काय म्हणाल्या?"

"बरं केलंस सांगितलंस म्हणाल्या. पण काकांना काही बोलू नकोस म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, तू सध्या आमच्याकडे येऊ नकोस, त्याचा अभ्यास होत नाही."

"आणि तुझ्या घरी?"

"आई म्हणाली, आपण त्यात पडायचं नाही. तू लांब राहा त्याच्यापासून."

एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेला उत्तेजक अमली पदार्थ. २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. ते आपल्यापासून लांब कुठे बनत असेल अशी पुणेकरांची समजूत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला, शेकडो किलो माल सापडला, आणि ती समजूत गेली. पण मला त्या दिवशी जास्त अस्वस्थ केलं ते मालानं नव्हे. एका सोळा वर्षांच्या मुलानं मित्रासाठी जिवाच्या करारावर दोन दारं ठोठावली होती, आणि दोन्ही घरांनी त्याला गप्प बसवलं होतं.

एमडी घेणाऱ्या त्या मुलाच्या आई-वडिलांना मी बोलावलं. वडील पहिल्या पाळीवरून थेट आले होते, अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला ओळखपत्र. मला सांगायला आलेल्या मित्राचं नाव न घेता जे सांगायचं ते मी सांगितलं. ते बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत बसले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले, "मला कुणी काही बोललंच नाही."

"तुम्ही मारलं असतं त्याला," बाई म्हणाल्या.

"कधी मारलंय मी?"

त्या थांबल्या. आठवून बघत असाव्यात. "नाही मारलं. पण तुम्हाला सांगायची भीती वाटते."

त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही. मुलाचं कळलं तेव्हा तो घाबरला होता. हे ऐकल्यावर तो खचला. सोळा वर्षं ज्या भीतीचा धाक म्हणून वापर झाला, ती त्यानं स्वतः कधी कमावलेलीही नव्हती. आणि त्या बाईंना तरी दोष कसा देऊ? महिनोन् महिने त्या एकट्या झुंजत होत्या. कपाटातले पैसे मोजून ठेवत होत्या, क्लासच्या फीच्या नावाखाली वरचे खर्च लपवत होत्या, रात्री दोन वाजता मुलाच्या दाराशी कान लावून उभ्या राहत होत्या. सायकल चोरीला गेली हे त्यांनीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं. पांघरूण घालणं हे त्या घरातलं नेहमीचं काम होतं आणि ते त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. पण व्यसन अशा पांघरुणाखालीच पोसतं. मुलाला ठाऊक असतं की एक माणूस सांभाळून घेणार आहे आणि दुसऱ्याला कळणार नाही. त्या फटीत त्याला किती तरी महिने मिळतात.

मार्गारेट केर आणि हाकन स्टाटिन या दोन संशोधकांनी स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. तोवर सगळे धरून चालले होते, की ज्या पालकांचं मुलावर नीट लक्ष असतं त्यांना मुलाचं सगळं माहीत असतं आणि ती मुलं कमी बिघडतात. या दोघांनी विचारलं, पालकांना माहीत असतं ते नक्की कुठून येतं? चौकशा करून, नियम लावून की मुलं आपणहून सांगतात म्हणून? उत्तर असं निघालं, की पालकांच्या माहितीचा मोठा वाटा मुलांनी आपणहून सांगितलेल्या गोष्टींचा असतो. मी हे वाचलं तेव्हा मला पालकसभेतले चेहरे आठवले. मोबाइलमध्ये लोकेशन लावलेलं, दप्तर तपासलेलं, मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलेलं; आणि तरी "मॅडम, आम्हाला काही कळलंच नाही."

मूल आपणहून सांगतं की नाही, हे फार छोट्या वेळी ठरतं. मुलं आधी चाचपून बघतात. मोठी बातमी आणण्याआधी एक छोटी, दुसऱ्याची बातमी आणतात. संध्याकाळी आई कणीक मळत असते, मुलगी ओट्याला टेकून बिस्किट खात सहज म्हणते, "आमच्या वर्गातला एक जण वेप ओढतो." पुढच्या दहा सेकंदांत बरंच काही ठरून जातं. "कोण तो? त्याच्याशी अजिबात बोलायचं नाही. त्याच्या आईचा नंबर दे." झालं. मुलगी बिस्किट संपवते, खोलीत जाते, आणि यापुढे स्वयंपाकघरात कोणत्या बातम्या आणायच्या नाहीत हे तिला समजलेलं असतं. आईनं हात न थांबवता "हो का? मग तुम्ही बाकीचे काय करता तेव्हा?" एवढं विचारलं असतं, तर मुलगी अजून दोन बिस्किटं खाईपर्यंत तिथेच उभी राहिली असती. त्यात कदाचित तिची स्वतःची गोष्टही आली असती.

याचा अर्थ मोठ्यांनी काही बोलूच नये असा मुळीच नाही. काही नव्या विचारांचे पालक मला सांगतात, "आम्ही मित्रासारखे आहोत, बाहेर कुठे काही करण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घे म्हणतो." मला हे पटत नाही. मित्र त्याला भरपूर आहेत. आई-वडील दोनच आहेत. हे आपल्या घरात चालणार नाही, असं आई-वडिलांनी एकदा स्वच्छ सांगितलेलं असेल तर मुलं व्यसनाकडे कमी वळतात, हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. नियम कडक असावा आणि तो मोडल्याची कबुली देणं सोपं असावं. 'हे चालणार नाही' आणि 'झालं तर मला सांग' ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून यायला हवीत. आपल्याकडे पहिलं बाबांचं आणि दुसरं आईचं असतं, आणि त्या दोघांत जे बोलणं व्हायला हवं ते होत नाही.

लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या भिंतींवर एक जाहिरात वर्षानुवर्षं दिसते : दारू सोडवा, रुग्णाला न सांगता. पावडर भाजीत कालवा, चहात घाला, त्याला कळणारही नाही. अशा पुड्यांत काय असतं याचा भरवसा नसतो. दारूवरचं डायसल्फिराम हे खरं औषध असेल, तर ते पोटात असताना दारू घेतली की माणसाचा रक्तदाब कोसळू शकतो, जीवावरही बेतू शकतं. म्हणून ते रुग्णाच्या संमतीनंच द्यायचं असतं. ही जाहिरात इतकी वर्षं चालते ती औषधाच्या जोरावर नाही. घरात तोंड न उघडता सुटका होईल, हे ती विकते, आणि गिऱ्हाईक असंख्य आहे.

उलटा रस्ता पुण्यातच चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाला. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची, धूर नळीनं ओढायचा. चांगल्या घरांतली कॉलेजातली मुलं बघता बघता हाडांचा सापळा झाली. अनिल अवचटांनी यावर लेख लिहिले, मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी उपचार सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तिथल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, घरच्यांनाही उपचारात बसवलं. पेशंट आत सोडून निघून जायची सोय ठेवली नाही. बायकांचा 'सहचरी' नावाचा वेगळा गट केला, कारण त्यांच्याकडेही कुणाला न सांगितलेलं खूप साठलेलं असतं. दुसरं, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच तिथे कार्यकर्ते केलं. टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर होणारी तडफड, काय असते, हे ज्यानं अंगावर काढलंय तो जेव्हा नव्या पोराच्या कॉटवर बसून सांगतो, "मीही इथेच तडफडत होतो," तेव्हा त्या पोराला पहिल्यांदा पटतं. संगतीनं आत नेलं होतं, बाहेरही संगतच आणते. नार्कोटिक्स अॅनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्याच गटाच्या मीटिंगांतही हेच चालतं : वर्तुळात खुर्च्या, चहा, आणि एकेकानं आपलं सांगायचं.

पूर्वी चाळींत, वाड्यांत सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष असायचं, म्हणून मुलं बिघडत नव्हती, असं माझ्या वयाचे लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. गर्द त्याच चाळींत शिरली होती. जिन्याखाली कोण बसतं ते अख्ख्या चाळीला माहीत असायचं, कळायचं नाही ते फक्त त्या घराला, कारण सांगायला जायचा धीर कुणाला नव्हता.

आइसलँडनं हा प्रश्न नेमका इथे धरला. नव्वदच्या दशकात तिथली पोरं युरोपात सर्वांत जास्त पिणाऱ्यांत होती. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्के होते ते ३ टक्के झाले, गांजासारखा पदार्थ कधीतरी घेतलेले १७ वरून ७ टक्क्यांवर. त्यांनी पोस्टरं लावली नाहीत. मुलांना खेळासाठी, संगीतासाठी सरकारी पैसा दिला, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरवलं, आणि शाळेशाळेतल्या पालकांना एकत्र बसवून आपसात करार करायला लावले : माझ्या घरी तुझं मूल आलं तर दारू मिळणार नाही, काही दिसलं तर मी तुला सांगेन. आइसलँडची लोकसंख्या पुण्यातल्या एखाद्या उपनगराएवढी, पैसा भरपूर. सगळं जसंच्या तसं इकडे आणता येणार नाही. पण तो पालकांचा करार आपल्या सोसायटीत करायला काय लागतं? आपल्याकडे वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर गृहपाठाचे फोटो येतात, 'शुभ सकाळ' येतं. "तुमच्या मुलाबद्दल जरा बोलायचं होतं, राग मानू नका, मीही घाबरलेलो आहे," असा एक फोन मात्र जात नाही.

घरं गप्प बसतात त्याला पोलिसांची भीती हेही कारण असतं, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. पण अमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४ अ खाली, जो व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार होतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. अट एवढीच, की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. उलट, मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. माझ्या वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो मी लिहून ठेवलाय. मुलं जाता-येता वाचतात, काही जण फोटोही काढतात. मी कुणाला काही विचारत नाही.

एमडी घेणाऱ्या त्या मुलाला वडीलच व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले. तिथल्या समुपदेशकानं पहिल्याच भेटीत बाप-लेकाला एकत्र बसवलं आणि आईला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. वडिलांनी मला नंतर सांगितलं, "मॅडम, काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी मी त्याला माझ्या कंपनीतलं सांगत बसलो." हरकत नाही, मी म्हटलं. कुठून तरी सुरुवात व्हायला हवी होती. मुलाचं एक वर्ष गेलं, तो पुन्हा अकरावीला बसला. आईनं मित्राला घरी बोलावून त्याची माफी मागितली. तो बिचारा संकोचून गेला आणि दोन पोहे खाऊन पळाला. मला मात्र त्यानं एकदा विचारलंच, "मॅडम, मी चुगली केली ना?" मी त्याला सांगितलं, चुगली दुसऱ्याला अडकवायला करतात. तू त्याला सोडवायला आला होतास.

पुढच्या पावसाळ्यात मुलाचा पाय पुन्हा घसरला. केंद्रात त्याला स्लिप म्हणतात आणि ती होऊ शकते हे घरच्यांना आधीच सांगून ठेवतात. रात्री साडेबाराला त्यानं मित्राला फोन केला : घेतलंय, छातीत धडधडतंय, घरी जायची भीती वाटतेय. मित्र त्याच्यापाशी जाऊन थांबला. या वेळी तो काकूंकडे गेला नाही, की सकाळ व्हायची वाट बघत बसला नाही. त्यानं तिथूनच थेट काकांना फोन लावला. काका पाचव्या मिनिटाला स्कूटर घेऊन खाली उतरले आणि दोघांना मागे बसवून आधी दवाखान्यात घेऊन गेले.